अंदाज खरा ठरला तर शास्त्र

"ऋतुजा, तुला एक सांगून ठेवते," कोथिंबीर निवडता निवडता प्रेमलाताई सुनेला म्हणाल्या होत्या, "तुझ्या सासऱ्याला शर्यतीच्या नादी परत लावू नगस. बैलं इकून झाली, रान इकून झालं. आता घरात इकण्याजोगी मी एकलीच ऱ्हायलेय."

ऋतुजा हसली. सासूबाईंच्या बोलण्यावर हसायचं आणि डॉक्टरांच्या बोलण्यावर रडायचं, अशी तिची साधारण विभागणी होती. शिवाय त्या वेळी तिचा एक कान आतल्या खोलीतल्या मुक्ताईच्या खोकल्याकडे होता. खोकला कोरडा की ओला हे एकदा ठरलं की मग इतर सल्ल्यांचा विचार करता येतो.

ऋतुजा संख्याशास्त्रातली एम.एस्सी. मुलगी झाल्यावर नोकरी सुटली, पण शास्त्र सुटलं नाही. ते सगळंच्या सगळं मुक्ताईवर येऊन पडलं. पोरगी किती वेळ झोपली, मागच्या खेपेला याच सुमाराला शिंकली होती का, पेज ओकण्याआधी तिचे कान लाल होतात की नंतर, याचा एवढा अभ्यास तिच्यापाशी जमला होता की बालरोगतज्ज्ञ तिला पाहिल्यावर आधी स्वतः पाणी पीत असत. "सगळं ठीक आहे" असं कुणी म्हटलं की ऋतुजा थर्मामीटर शोधायला लागायची. ठीक आहे म्हणजे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता सासऱ्यांचं. गेनबा, म्हणजे घरातले आबा. कोथरूड संपतं आणि महापालिकेने नंतर पोटात घेतलेलं गाव सुरू होतं, तिथे आज 'शिवार रेसिडेन्सी' उभी आहे. ते आबांचं ज्वारीचं रान. रान गेलं, नावात तेवढं शिवार राहिलं. गोठा होता तिथे दुचाक्यांचं पार्किंग झालं, आणि तिथे खुर्ची टाकून बसायचं तर आता आबांना वॉचमनला कारण सांगावं लागतं. त्या गोठ्यातली पाखऱ्याची जोडी एके काळी बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे चढणीच्या धावपट्टीवर, उतरली की लोक जेवणाचं ताट सोडून उठत. मग शर्यतींवर बंदी आली आणि जोडी विकली गेली. बंदी उठली तेव्हा आबांचे गुडघे बसले होते. राहता राहिला होता एक मान, सोसायटीच्या गणपतीची पहिली आरती. ज्याची जमीन त्याची आरती, असं बांधकामाच्या वेळी तोंडी ठरलं होतं, आणि वर्षभर लिफ्टमध्ये "काका, जरा सरकता का?" ऐकून घेणारे आबा त्या एका संध्याकाळसाठी फेटा बांधत.

तर एका रविवारी आबा सकाळपासून कुणाशीच भांडले नाहीत. चहा पांचट होता, पेपर उशिरा आला, वरच्यांनी कुंडीचं पाणी खाली सोडलं, तरी हूं नाही की चूं नाही. ऋतुजा घाबरली. न भांडणारे आबा आणि न रडणारी मुक्ताई, या दोन गोष्टींइतकी धास्ती तिला कशाचीच नव्हती. विरंगुळा म्हणून तिने टीव्हीवर काहीबाही लावून पाहिलं. भजन झालं, कुस्ती झाली, आणि शेवटी लागली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रेसकोर्सवरची घोड्यांची शर्यत.

आबा सावरून बसले.

"त्यो तांबडा बघ," ते म्हणाले. "मागच्या पायानं कुचराई करतोय."

तांबडा खरोखरच रेंगाळला. आबांनी लगेच हाक मारून चहा पांचट असल्याचं सांगितलं. ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

इथवर सगळं चांगलं होतं. पण पुढच्या रविवारपासून आबा शर्यतीआधी नाव सांगू लागले, आणि नाव सांगितलेला घोडा दर वेळी मागे पडू लागला. पैशांचा संबंध नव्हता, नुसतं नाव सांगायचं. त्यांचा हिशेब घाटातला होता. घाटात प्रत्येक जोडी आपल्या वेळेला एकटी सुटते, घड्याळ लावतात, आणि सर्वांत कमी वेळात वर पोचेल तिचा नंबर. त्यामुळे सुटायला चपळ तो चांगला, असं आबांचं पक्कं मत. त्यांचा घोडा तीरासारखा सुटायचा, अर्धी वाट पुढे असायचा, आबा खुर्चीतून उठून घाटातल्यासारखं "भिर्रर्रर्र" करायचे, आणि शेवटच्या वळणानंतर मागून कुणीतरी यायचं आणि त्याला सोडून जायचं. आबा पुन्हा गप्प होऊ लागले.

सासरा हरतोय आणि सुनेपाशी एम.एस्सी. पडून आहे, हे ऋतुजाला बघवेना. मुक्ताई झोपली की ती जुन्या शर्यतींचे व्हिडिओ बघत बसू लागली. चार-सहा दुपारी गेल्यावर तिच्या लक्षात आलं की घोडा किती जोरात पळतो यापेक्षा पहिला टप्पा किती जोरात जाणार हे आधी ओळखावं लागतं. आणि ते ठरतं पुढे राहायचा हट्ट असलेले घोडे किती आहेत यावर. तिने मुक्ताईची चुंबकाची जनावरं फ्रिजवर लावली. त्यात घोडा नव्हता, म्हणून पुढे पळणाऱ्यांना हत्ती, मधे दबा धरणाऱ्यांना मांजर आणि शेवटून येणाऱ्यांना कासव दिलं. एक हत्ती असला तर तो आरामात पुढे राहतो, दम राखतो आणि जिंकतो. दोन हत्ती असले की एकमेकांना पुढे जाऊ देत नाहीत, निम्म्या वाटेत दोघेही फेसाळतात, आणि कासव येतं.

"म्हंजी?" आबांनी विचारलं.

"आबा, आपल्या वार्षिक सभेत पार्किंगवरून संपतराव आणि शकीलभाई कसे भांडतात? दोघांचे घसे बसतात. आणि मग प्रियदर्शनीताई हळूच उठून मेंटेनन्स वाढवून घेतात."

"व्हय," आबा म्हणाले. "तेवढं कळलं. पर घाटात असं नसतंय."

नेमकं इथेच घोडं अडलं होतं. सभेचं त्यांना पटायचं, घोड्याचं पटायचं नाही. घाटात शेजारी कुणी नसतंच, मग दुसरा कसा पळतो याच्याशी आपल्याला काय करायचंय? ते सुटायला चपळ तोच घोडा सांगत राहिले, ऋतुजा कासव सांगत राहिली, आणि कासवं येऊ लागली. घरात दोन पक्ष पडले. "भिर्रर्रर्र"चा आवाज दुप्पट झाला.

त्यामुळे बुधवारी नोटीस बोर्डावर कागद लागला: 'सोसायटी ही राहण्याची जागा आहे. घोडे व तत्संबंधी आरोळ्या यांची शहरात स्वतंत्र सोय आहे. — सेक्रेटरी.'

सेक्रेटरी म्हणजे प्रियदर्शनीताई. या बाई रागावत नसत, नोंद घेत असत. त्यांनी ऋतुजाला समितीपुढे बोलावलं. समिती म्हणजे त्या स्वतः, खजिनदार संपतराव आणि दुसऱ्या मजल्यावरचे शकीलभाई. शकीलभाईंचं बालपण रेसकोर्सला लागून असलेल्या कॅम्पात गेलेलं, आणि तेवढ्या शेजारावर घोड्यांचं ज्ञान आपल्याला आपोआप झालंय असं त्यांचं म्हणणं.

"जुगार चालतो असं कळलं," ताई म्हणाल्या.

"एक रुपया लावलेला नाही," ऋतुजा म्हणाली. "अभ्यास आहे."

"पैसे न लावता घोडे बघायचे?" संपतराव दुखावले. "म्हणजे जेवायचं नाही आणि नुसता मेनू वाचायचा?"

"बेटी, तू एवढं करू नकोस," शकीलभाई मायेने म्हणाले. "सोपं आहे. रिंगणात ज्या घोड्याने मान खाली घातली तो शरीफ. शरीफ घोडा घ्यायचा."

"त्यापेक्षा जॉकीची रास बघा," संपतराव म्हणाले.

मग दोघांची जुंपली, दोघांचे घसे बसले, आणि ताईंनी हळूच ठराव मांडला. ज्या घरावर जुगाराचा ठपका आहे त्या घराला पहिल्या आरतीचा मान देता येणार नाही. मात्र हे शास्त्र असेल तर ठपका राहत नाही. शास्त्र आहे की नाही हे कळण्यासाठी सौ. ऋतुजा यांनी येत्या रविवारच्या मोठ्या शर्यतीचा अंदाज आजच द्यावा. "अंदाज खरा ठरला तर शास्त्र. चुकला तर जुगार. पडताळणीसाठी समिती प्रत्यक्ष उपस्थित राहील."

पुण्यात याला न्याय म्हणतात. ऋतुजाला राग आला होता आणि राग आला की तिचं शास्त्र बळावतं. तिने तिथल्या तिथे सांगितलं: रॉयल टेंपर आणि मॉन्सून मेल हे दोन हत्ती एकमेकांना संपवणार आणि डियर अंकल नावाचं कासव जिंकणार. ताईंनी इतिवृत्तात 'डियर अंकल' लिहिलं. घरी येऊन जिना चढेपर्यंत तिला कळलं की आपण सासऱ्यांचा फेटा एका घोड्याच्या शेपटीला बांधून आलोय.

आबांनी रात्री कपाटातून फेटा काढून एकदा बघितला आणि परत ठेवला. प्रेमलाताई मात्र बोलल्या. "मी काय म्हनलं व्हतं?" एवढंच, पण भाजी वाढताना, भांडी लावताना आणि दिवा मालवताना.

रविवारी मोठी गाडी केली. नवरा विश्वजीत गाडी चालवणार, म्हणून त्याला मत नव्हतं. पडताळणीला म्हणून निघालेली समिती थर्मास, घडीच्या खुर्च्या आणि पोहे घेऊन आली होती. रेसकोर्सच्या दारावरच्या माणसाने खुर्च्या आणि पोहे आत न्यायला मनाई केली. ताईंनी हा नियम कुठे लिहिला आहे असं विचारलं. त्याने पाटी दाखवली. ताईंनी पाटीतली भाषा तपासली, त्यांना ती आवडली, आणि त्या मुकाट्याने आत गेल्या. पोहे दाराबाहेर उभ्याने संपवण्यात आले.

मुक्ताई आजीपाशी घरी होती. ऋतुजाने दारातून एकदा, पायऱ्यांवरून एकदा आणि खुर्ची मिळाल्यावर एकदा फोन केला.

"पोरगी झोपलीय," प्रेमलाताई म्हणाल्या. "तुझा फोन वाजला का उठतीय. आता तूच ठरीव."

शर्यतीआधी घोडे रिंगणात फिरवतात, तिथे सगळे कठड्याला टेकले. रॉयल टेंपर म्हणजे काळाभोर, चालतानाच भांडणाच्या तयारीत. डियर अंकल मान खाली घालून, शकीलभाईंना आवडेल असा. आणि मग पांढुरकी मॉन्सून मेल आली. व्हिडिओत ही घोडी रिंगणात कधी सरळ चाललीच नव्हती. माणसाला ओढायची, नाचायची, पुढच्या घोड्याच्या अंगावर जायची. आज ती शहाण्यासारखी चालत होती. कान मधेच ढिले पडत होते. समोरून जाताना तिने कशाकडेच पाहिलं नाही.

"किती गुणी घोडी!" ताई म्हणाल्या.

ऋतुजा कठड्यावरून पुढे वाकली. गुणी! तापाच्या आदल्या दिवशी मुक्ताई अशीच गुणी होते. खेळणं दिलं तर घेते, काढून घेतलं तर देते. डॉक्टरांनी घोडीला तपासलं असणारच. डॉक्टर तपासतातच, आणि आईला वेगळंच दिसतं.

"ही आज पुढे पळणार नाही," ती म्हणाली. "माझा अंदाज बदललाय. रॉयल टेंपर."

"बदललाय म्हणजे?" ताईंनी पिशवीतून इतिवृत्त काढलं. "इथे डियर अंकल आहे."

"ते लिहिलं तेव्हा घोडी बरी होती."

"घोडीच्या तब्येतीशी समितीचा संबंध नाही."

तेवढ्यात आबा काठी टेकत पुढे आले. "सूनबाई, तुजं तर दोन हत्तींचं व्हतं ना? मग आता काळा कसा?"

सभेचं उदाहरण ऋतुजाच्या तोंडाशी आलं होतं, ते तिने गिळलं.

"आबा, घाटात जोडी सुटते तेव्हा शेजारी कोण असतं?"

"शेजारी कशाला कोन आसंल? घड्याळ आसतंय."

"म्हणून जोडी आपल्या दमाने पळते. इथे दर वेळी तुमच्या घोड्याला शेजारी होता. तो दम काढून घ्यायचा. आज ही घोडी शेजारी राहणार नाही. आज काळ्याला कुणीच नाही. आज तो घाटात पळणार आहे."

आबांनी घोडीकडे पाहिलं, मग काळ्याकडे, मग सुनेकडे. एवढे रविवार न पटलेली गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावरून सावकाश चढत गेली.

"आयला," ते म्हणाले. "म्हंजी माजा घोडा वाईट नव्हता. शेजार वाईट व्हता."

"अगदी."

"ताई, दुरुस्ती करा," आबा म्हणाले. "मान माझा हाय म्हनून सांगतो. गेला तर सुनंच्या बोलावर जाऊ द्या."

दुरुस्तीला पूर्ण समिती लागत होती आणि संपतराव चहाच्या शोधात गेले होते. घोडे रिंगणातून बाहेर पडू लागले. शकीलभाईंनी संपतरावांच्या नावाने अशी हाक मारली की दोन घोडे बिचकले. संपतराव हातातला चहा सांडत धावत आले, कशावर मत द्यायचंय हे न विचारता त्यांनी हात वर केला, आणि शिवार रेसिडेन्सीच्या इतिहासात पहिल्यांदाच एक ठराव भांडणाशिवाय मंजूर झाला.

फाटक उघडलं. रॉयल टेंपर सुटला. सगळे मॉन्सून मेलकडे बघत होते. ती उसळली, थोडी पुढे आली, आणि मग खरंच मागे सरकली, जशी मुक्ताई घास तोंडाजवळ नेऊन खाली ठेवते तशी. काळा पुढे एकटा. जॉकी त्याच्या पाठीवर इतका निवांत बसला होता की शकीलभाई म्हणाले, "हा तर वरातीत चाललाय!" ऋतुजाला श्वास घेता येत होता, कारण टप्पा सावकाश जात होता. सावकाश म्हणजे दम शिल्लक.

शेवटच्या वळणावर डियर अंकल उठला. कासव यायलाच लागलं, एकेकाला मागे टाकत. ऋतुजाला इतिवृत्तातला आपला आधीचा अंदाज डोळ्यांपुढे पळताना दिसू लागला. आणि तिच्या शेजारून आवाज निघाला, पाखऱ्याच्या वेळचा, घाट दणाणून सोडणारा. "भिर्रर्रर्र! झाली, झाली, झाली!" आबा काठी हवेत फिरवत होते. संपतरावांनी सूर धरला. शकीलभाईंनी धरला. आणखी एक बारीक, शिस्तशीर "भिर्र" ऐकू आलं, त्याची नोंद घेऊ नये असं ताईंनी नंतर सांगितलं.

काळा मानेच्या अंतराने पुढे राहिला.

पैसे न लावता एवढं नाचणारी मंडळी पाहून आजूबाजूचे लोक काळजीत पडले होते. आबांनी ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि वळून अनोळखी माणसाला सांगितलं, "माझी सून हाय. घोड्याचं मन वाचती." ऋतुजाने मान ताठ केली. एम.एस्सी.च्या पदवीदानाला टोपी घसरली होती, इथे काहीच घसरलं नाही. तिने घरी फोन लावला. तिकडून टीव्हीचा आवाज येत होता.

"आई, तुम्ही शर्यत बघताय?"

"मी कशाला बघू? मुक्ताई बघतीय," प्रेमलाताई म्हणाल्या. मग टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाल्या, "काळं चांगलं पळालं. शेजारी नव्हता ना कुनी."

ताईंनी इतिवृत्तात लिहिलं: 'शास्त्र आहे.' खाली सही केली.

गणपती बसले. आबांनी फेटा बांधला, तबक घेतलं, आणि सगळे टाळ्या सरसावून उभे असताना ते ऋतुजाच्या हातात दिलं.

"मान तुमचा आहे, काका," ताई म्हणाल्या. "दुसऱ्याकडे द्यायचा तर ठराव लागेल."

"ताई, रान दिलं तवा ठराव लागला न्हाई," आबा म्हणाले. "वाजवा टाळ्या."

ऋतुजाने आरती केली. ज्योत हलू दिली नाही. सोसायटीतल्या बायका नंतर तिला घोड्यांचं नाही, मुलांच्या तापाचं विचारू लागल्या, आणि तिला ते जास्त मानाचं वाटलं.

एकच गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. मॉन्सून मेल शेवटची आली होती. शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी ऋतुजाने रेसकोर्सवर फोन लावला. इकडून तिकडे तिकडून इकडे जोडून देत शेवटी एका गृहस्थाने विचारलं, "आपण घोडीच्या मालक?" "नाही." "ट्रेनर?" "नाही." "मग कोण?" ऋतुजा म्हणाली, "मी बघत होते." यावर पलीकडे काय लिहायचं ते न सुचल्यामुळे फोन ठेवला गेला. नंतरच्या रविवारच्या यादीत त्या घोडीचं नाव नव्हतं. विश्वजीत म्हणाला, विश्रांती देत असतील, सगळं ठीक असेल. ठीक असेल म्हटल्यावर तर तिची झोपच उडाली.

म्हणून ऋतुजाचं तुम्हा वाचणाऱ्यांपाशी एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाची त्या बाजूला येजा असेल, कुणाची तबेल्यात ओळख असेल, तर एकदा आत डोकावून या. पांढुरकी घोडी आहे, मॉन्सून मेल नावाची. ती दाणा खाते का ते बघा. आणि तुमच्या अंगावर धावून आली, बाही ओढली, चावायला बघितलं, तर कृपा करून लगेच कळवा. म्हणजे ती बरी आहे.